बदलीचा हात

मित्रांनो, मी बीपीचा पट्टा आहे. जुना, राखाडी, दोन ठिकाणी ठिगळ लावलेला. रक्तदाब मोजायचं यंत्र म्हटलं की सगळ्यांची नजर जाते पाऱ्याकडे. तो ऐटीत वर चढतो, सावकाश खाली उतरतो आणि डॉक्टर त्याच्याकडे बघून मान हलवतात. दंडाला घट्ट बिलगून माणसाच्या नाडीचा ठोका अंगावर घ्यायचं काम मात्र माझं. कष्ट माझे आणि कौतुक त्याचं! असो. कुरकुर करायचं माझं वय राहिलेलं नाही, तरी थोडी करतोच.

जाड सुती कापड, आत रबराची पिशवी, पिशवीला दोन नळ्या, एवढाच माझा देह. ज्या बाईंनी मला शिवलं त्यांनी शिवण दोनदा घातली आणि मला ओढून बघितलं. त्यांच्या हातगुणामुळेच मी इतकी वर्षं टिकलो. तिथून मी आलो तो थेट लोखंड ओतायच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात. दवाखाना म्हणजे एकच खोली. एक बाक, एक लोखंडी खाट, औषधांचं कपाट आणि अंगणाकडे उघडणारी खिडकी. भट्टी पेटली की खिडकीची काच थरथरायची.

तिथलं राज्य सिस्टरांचं. बाई कडक, पण मनाने लोण्यासारखी. कामगारांना त्या रागावायच्या त्याच आवाजात त्यांची विचारपूसही करायच्या. काम झालं की मला नीट घडी घालून ठेवायच्या. कारखान्यात इतकं प्रेम कोणाच्या वाट्याला येत नाही.

मला माणसं चेहऱ्यावरून कमी आणि दंडावरून जास्त कळतात. साचेवाल्यांचे दंड टणक, कारकुनांचे मऊ, भट्टीवाल्यांचे भाजल्याच्या डागांनी खरबरीत. त्यात एक दंड होता क्रेनवाल्याचा. छपराखालच्या छोट्या केबिनमध्ये बसून तो वितळलेल्या लोखंडाची भली मोठी बादली उचलायचा आणि खालच्या माणसांच्या डोक्यावरून अलगद साच्यांपर्यंत न्यायचा. दिवसभर वर बसायचा, म्हणून सगळे त्याला ‘वरचा’ म्हणायचे. बादली निघाली की खालचे लोक हसत म्हणायचे, “आता सगळं वरच्याच्या हातात!” गंमतच होती, पण खोटी नव्हती.

एकदा बोट कापलं म्हणून वरचा दवाखान्यात आला. पट्टी बांधता बांधता सिस्टर म्हणाल्या, “आलाच आहात तर बीपी बघू.” मी त्याच्या दंडाला गुंडाळला गेलो आणि मला धक्काच बसला. आतून कोणीतरी दार ठोठावावं तसे ठोके येत होते. सिस्टरांनी त्याला दहा मिनिटं बसवून ठेवलं आणि पुन्हा मोजलं. आकडा तोच.

“वरच्यांचा वरचा आकडा फार वर गेलाय,” त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. “डोकं दुखतं का?”

“कोणाचं दुखत नाही, सिस्टर? भट्टीवर बसतो मी, बागेत नाही.”

“गोळी सुरू करावी लागेल. मीठ कमी, रोज चालणं. आणि तोवर क्रेन बंद.”

शेवटचं वाक्य त्याला झोंबलं. त्याने बाही खाली ओढली. “तीन वर्षं राहिलीत माझी रिटायर व्हायला. बावीस वर्षं वर बसलो, आता झाडू घेऊन खाली फिरू? एकदा रिटायर झालो की दुसरं काम काय आहे मला? तब्येतच बघायची आहे. बायकोलाही तेच सांगितलंय.”

मग तो बायकोबद्दल बोलला. ती सूतगिरणीत पाळीवर जायची. याची पाळी सुटायची तेव्हा तिची लागायची. तीस वर्षांच्या संसारात दोघं एका वेळी जेवायला बसली ती फक्त सुट्टीच्या दिवशी. रिटायर झाल्यावर रोज सकाळी दोघांनी तळ्यापर्यंत चालत जायचं, असं त्याने तिला वचन दिलं होतं. तिने तर त्यासाठी बूटही बघून ठेवले होते. सांगताना त्याचा आवाज इतका हळवा झाला की सिस्टर विरघळल्या.

“आठ दिवसांत परत या. तोवर मी वहीत लिहीत नाही,” त्या म्हणाल्या. मित्रांनो, सिस्टरांची ती एक चूक. तो आठ दिवसांनी आला नाही. पंधरा दिवसांनीही आला नाही. सिस्टरांनी निरोप धाडले, तर प्रत्येक वेळी “उद्या येतो” असं उत्तर आलं.

आता तुम्हाला त्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. एखादा कामगार आला नाही की त्याच्या जागी दुसरा उभा राहायचा. त्याला ‘बदली’ म्हणत. बहिणीचं लग्न असो, मुलाचा ताप असो, “माझी बदली दे रे” एवढं म्हटलं की काम झालं. कोणी कोणाला नाही म्हणत नसे. रीत चांगलीच होती. पण चांगल्या रीतीलाही कुठे थांबायचं ते कळावं लागतं.

वर्षातून एकदा सगळ्या कामगारांची तपासणी व्हायची. बाहेरून डॉक्टर यायचे, दर वर्षी नवे. कोणाचाही चेहरा त्यांच्या ओळखीचा नसायचा. छातीवरच्या बिल्ल्याचा नंबर बघायचे आणि पुढे आकडा लिहायचे. दुपारी सिस्टर जेवायला गेल्या की बाकावर एक कारकून बसायचा, नंबर पुकारायला. त्याने वर मान करून कधी कोणाकडे बघितलं असेल तर शपथ.

त्या वर्षी सकाळी वरच्याचा जिवलग मित्र तपासणीला आला. हा साचेवाला. आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, म्हणून त्याचं नाव पडलं होतं ‘थंड्या’. त्याची नाडी अशी संथ की मला अंगावर झोप यायची. आकडा उत्तम. दुपारी वरच्याचा नंबर पुकारला गेला. पडदा सरला, हात पुढे आला, मी गुंडाळला गेलो. अरे! हा तर सकाळचाच दंड! छातीवर बिल्ला वरच्याचा आणि हात थंड्याचा. डॉक्टरांनी वरच्याच्या नावापुढे थंड्याचा उत्तम आकडा लिहिला.

मी मनातल्या मनात ओरडलो. पट्ट्याला कुठे तोंड असतं? पाऱ्याने आपला आकडा खरा दाखवला आणि तो मोकळा झाला. खोट्या माणसाचा खरा आकडा! सिस्टर जेवून आल्या, त्यांनी वही बघितली आणि सुटकेचा निःश्वास सोडला. त्यांना वाटलं, याने बाहेरून औषध सुरू केलं असणार.

दुसऱ्या वर्षीही तेच झालं. बाकावर बसलेले दोघंतिघं एकदा कुजबुजत हसत होते, “वर बादली, खाली बदली!” सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मित्राच्या उपयोगी पडणं म्हणजे पुण्यच की!

तिसरं वर्ष उजाडलं. वरच्याच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. दुपारी पडदा सरला आणि थंड्याचा हात पुढे आला. मी नेहमीसारखा सैलावलो होतो. पण डॉक्टरांनी हवा भरली आणि मी दचकलो. संथ नदी कुठे गेली? थंड्याचं काळीज धाडधाड उडत होतं, दंड घामाने निथळत होता. पारा धोक्याच्या रेघेच्या बराच वर गेला. डॉक्टरांनी त्या आकड्याभोवती लाल गोल काढला आणि लिहिलं : क्रेन बंद, तीन दिवस रोज सकाळी सिस्टरांकडे तपासणी.

थंड्या उठला. जाताना त्याने डोळे पुसलेले मी बघितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरचा आला तो रागाने लाल होऊन. आता हात त्याचा स्वतःचाच होता. मी दोन वर्षांहून जास्त काळाने तो दंड ओळखला, आणि आकडा बघून सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात थंड्या आत आला.

“तुझ्या थंड रक्ताला अचानक उकळी कशी फुटली रे?” वरचा म्हणाला. “आठ महिने राहिले होते माझे. फक्त आठ!”

“भट्टीचा जिना पळत चढलो. तीन वेळा. मुद्दाम,” थंड्या म्हणाला. “आणि लगेच येऊन बसलो.”

“मुद्दाम?”

“परवा बादली साच्यावर यायच्या आधी तू थांबलास. कपाळाला हात लावून थांबलास. मी खाली उभा होतो, आम्ही नऊजण होतो. तुला खाली ये म्हणून किती वेळा सांगितलं, सांग बरं? ऐकलंस?”

वरचा उठला. तो म्हणाला, “आजपासून तू माझा कोणी नाहीस,” आणि बाही न सोडताच निघून गेला. थंड्या बाकावर बसून हमसून रडला.  वही उघडून वरच्याचे गेल्या दोन वर्षांचे आकडे सिस्टरांनी स्वतःच्या हाताने खोडले.

वरच्याला गोळ्या सुरू झाल्या. खाली अंगणात लोखंडाचे तुकडे मोजायचं काम त्याला मिळालं. मला वाटलं, चला, गडी वाचला! पण शरीराने दोन वर्षांहून जास्त सोसलेलं तेरा दिवसांत कसं पुसलं जाणार? चौदाव्या दिवशी, दुपारी ऐन ओतकामाच्या वेळी, त्याला उचलून दवाखान्यात आणलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात लोंबत होता. मी डाव्या दंडाला होतो आणि मला कळत होतं की हा माणूस आपल्या हातून निसटतोय. खाटेच्या पायथ्याशी थंड्या उभा होता. तेरा दिवसांत त्याच्याशी एक शब्दही न बोललेल्या मित्राला त्यानेच पाठीवर घेऊन आणलं होतं. बाहेर क्रेनवर दुसरा माणूस बसला होता, बादली साच्यांवर पोचत होती, आणि खाली आठजण उभे होते. त्या वेळी केबिनमध्ये वरचा असता तर काय झालं असतं, याचा पूर्ण विचार करायचं धाडस मला कधीच झालं नाही.

तो वाचला. पण उजवा हात परत आला नाही आणि उजवा पाय फरफटू लागला. निवृत्तीच्या दिवशी तो बायकोला घेऊन सिस्टरांना भेटायला आला. तिच्या पायात नवे बूट होते. त्याचे तिच्या पिशवीत होते, कारण सुजलेला पाय त्यात जात नव्हता. सिस्टरांनी विचारलं, तळ्यापर्यंत जाता का? बायको म्हणाली, “दारापासून कोपऱ्यापर्यंत जातो. होईल हळूहळू.” मग म्हणाली, “आता रोज बरोबर जेवतो मात्र. घास मी भरवते.”

ती हे तक्रारीने म्हणाली नाही, मित्रांनो. म्हणूनच मला ते सोसवलं नाही.

थंड्या दाराशी घुटमळत होता. वरच्याने त्याला डाव्या हाताने जवळ बोलावलं. जड जिभेने, एकेक शब्द शोधत तो म्हणाला, “तू... दोन वर्षं... आधी... का नाही पळालास रे?” थंड्याने मान खाली घातली.  मग वरच्याने त्याचा हात धरला आणि तिघं अंगणातून फाटकाकडे निघाले. सिस्टर खिडकीत उभ्या राहून बघत राहिल्या. शंभर पावलांची ती वाट चालायला त्यांना फार वेळ लागला.

आता दवाखान्यात बटणावर चालणारं नवं यंत्र आलंय. मी आणि पारा एका पेटीत असतो आणि आमचं आता बरं जमतं. मला माझ्या निवृत्तीचं दुःख नाही. एक विनंती तेवढी ऐका. तुमच्या घरी आईबाबा, काका किंवा मावशी म्हणत असतील, “एकदा रिटायर होऊ दे, मग तब्येतीकडे बघतो.” तुम्ही लहान आहात, पण लहानांचं ऐकलं जातं. त्यांना म्हणा, “मग नको. या रविवारी दवाखान्यात जाऊ आणि येताना चालत येऊ.” ते हसतील, कामं सांगतील, पुढच्या आठवड्यावर ढकलतील. तुम्ही चप्पल घालून दारात उभे राहा आणि त्यांना घेतल्याशिवाय हलू नका.