पावसात मिटलेली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. निदान या उन्हाळ्यापर्यंत तरी माझी तशी समजूत होती. आता कुणी विचारलं तर छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जन्म म्हणजे काय, एका बाईने काड्यांवर कापड ताणून बसवलं, टाके घातले, फटकन उघडून पाहिलं आणि म्हणाली, "हं, ही पाणी अडवेल." आमच्या जातीला याहून मोठा आशीर्वाद नाही. मला विकत घेतलं एका शिंप्याने. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी माझे टाके उलटसुलट करून पाहिले, नाक मुरडलं, घरी नेऊन ते सगळे उसवले, पुन्हा स्वतःच्या हाताने घातले आणि मगच मला पावसात काढलं.

पुढे कितीतरी वर्षं मी मास्तरांच्या मुलीला शाळेत पोचवलं. मास्तर तिला ठमाबाई म्हणत. ठमाबाई माझ्याखाली कधी धड चाललीच नाही. डबकं दिसलं की ती बाहेर, आणि मास्तर मला धरून तिच्या मागे. ते स्वतः निथळत असायचे, पण मी कायम तिच्या डोक्यावर. "छत्री असावी तर अशी," असं शेजारीण म्हणायची. मग ठमाबाई मोठी झाली, लग्न होऊन नदीपलीकडे राहायला गेली, पर्समध्ये मावणारी घडीची छत्री वापरू लागली, आणि मी दारामागच्या खिळ्यावर आले. तिथे शेजारी एक जुना कोट होता. तो फारसा बोलका नव्हता.

या उन्हाळ्यात, बाहेर ऊन मी म्हणत असताना, मास्तरांनी मला अचानक खिळ्यावरून काढलं. मला वाटलं, चला, पावसासाठी नाही तर सावलीसाठी! पण उघडलं कुठे? तिसऱ्या मजल्यावरून उतरताना माझं टोक पायरीपायरीला टक् टक् आपटत गेलं. रस्त्यातही तेच. मास्तर डोक्यावर ऊन घेऊन चाललेले आणि मी त्यांच्या हातात मिटलेली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला ओरडला, "काय मास्तर, पावसाला बोलवायला निघालात?"

"त्याचा काय नेम? माणसाने बेसावध राहू नये," मास्तर म्हणाले.

रोज हाच प्रकार. हल्ली त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायचा, पण गुडघ्याचं दुखणं आणि छत्री यांचा काय संबंध? मी विचार करकरून थकले.

एका रविवारी ठमाबाई आली ती विषय घेऊनच.

"बाबा, डॉक्टर काठी घ्या म्हणाले की नाही? तीन जिने, त्यात हा गुडघा. ते शिलाई मशीन विका, खोली सोडा आणि चला माझ्याकडे."

"काठी म्हाताऱ्यांना लागते."

"मग तुम्ही कोण आहात?"

"शिंपी."

वाद वाढत वाढत पैजेवर आला. नदीकाठाने जुन्या पुलापासून नव्या पुलापर्यंत मास्तरांनी चालून दाखवायचं. कुणाचा हात धरायचा नाही, कठड्याला टेकायचं नाही. जमलं तर हा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर मशीन विकायचं आणि मुकाट्याने तिच्या घरी जायचं. मास्तरांनी ताबडतोब मला उचललं.

"छत्री कशाला?" ठमाबाई म्हणाली.

"आभाळ बघ जरा."

आभाळात रुमालाएवढा एक ढग होता. ठमाबाई हसली आणि स्वतःची छत्री तिथेच ठेवून निघाली.

काठाची वाट फरसबंदीची होती. एकीकडे कठडा आणि बांधून ठेवलेल्या होड्या, दुसरीकडे बाकं. बराच वेळ नुसतं टक् टक् चाललं होतं. तेवढ्यात त्या रुमालाची चादर झाली आणि भर उन्हाळ्यात थेंब पडू लागले. मित्रांनो, माझा आनंद काय सांगू! काड्या शहारल्या. आता उघडणार, आता उघडणार!

मास्तरांनी माझी मूठ आणखी घट्ट धरली आणि चालत राहिले. टक् टक्.

"बाबा, पाऊस."

"हा पाऊस नाही. नदीचे तुषार आहेत."

"नदी खाली आहे. तुषार वरून कसे येतील?"

"वाऱ्याने."

पाऊस वाढला. ठमाबाई म्हणाली, "अहो, छत्री उघडा ना!"

"खटका अडकलाय तिचा."

हे साफ खोटं होतं. माझा खटका उत्तम आहे. कठड्यापाशी ताडपत्री पांघरून एकजण मासे धरायला गळ टाकून बसला होता. तो म्हणाला, "आजोबा, छत्री उघडायची असते!"

"भिजेल ती," मास्तर म्हणाले.

माझं तर डोकंच चालेना. मी भिजेन? भिजण्यासाठीच तर माझा जन्म! ठमाबाई माझ्याकडे टक लावून पाहू लागली. आधी माझ्या टोकाकडे, जे आता एका बाजूने पार झिजलंय. मग माझ्या कापडाकडे, ज्याची घडी या उन्हाळ्यात एकदाही मोडली नव्हती. मग तिने मास्तरांच्या गुडघ्याकडे पाहिलं. नंतर छत्रीचं नावसुद्धा काढलं नाही तिने. केस गालांना चिकटलेले, तशीच चालत राहिली. आणि मग शिंकली. एकदा, पुन्हा, पुन्हा.

मास्तर थांबले. नवा पूल समोर दिसत होता, पण अजून बराच लांब होता. त्यांनी पुलाकडे पाहिलं, ठमाबाईकडे पाहिलं, मला जमिनीवरून उचललं आणि फटकन उघडून तिच्या डोक्यावर धरलं. स्वतः बाहेरच, सवयीप्रमाणे.

मी अभिमानाने फुलले, आणि त्याच क्षणी मास्तर डगमगले. ठमाबाईने झटकन त्यांचा दंड पकडला.

"बाबा, धरा मला! या फरशांवर फार घसरायला होतंय मला."

मास्तरांनी तिच्या सपाट, रबरी तळाच्या बुटांकडे पाहिलं. "लहानपणापासून तुझं लक्ष नसतं चालताना," ते म्हणाले, पण दंड सोडवून घेतला नाही.

ती घसरत होती म्हणे, पण भार सगळा मास्तरांचा तिच्यावर होता. हेही मला कळलं नाही. दोघं तसेच नव्या पुलापर्यंत गेले.

"हरलो मी," मास्तर म्हणाले. "हात धरला."

"तुम्ही कुठे? हात मी धरला. मलाच चालता येत नव्हतं." ठमाबाईने नाक पुसलं. "विषय बंद. पण मला सराव पाहिजे. दर रविवारी येत जाईन."

दुसऱ्या रविवारी तिने येताना रबराचं एक जाड टोपण आणलं आणि माझ्या झिजलेल्या टोकावर बसवलं. मास्तर खिडकीतून बाहेर बघत राहिले. मशीन जागेवरच आहे. मी आता टक् टक् वाजत नाही. पण मित्रांनो, छत्रीला बूट? कोटाला विचारलं, तर तोही काही बोलला नाही.

मला यातलं फारसं उमगलेलं नाही, तरी एक विनंती करते. भर उन्हात कुणी मिटलेली छत्री घेऊन चाललेलं दिसलं, तर 'पाऊस कुठे आहे?' असं विचारू नका. त्यांच्या बाजूने चाला. आणि वेळ आलीच, तर तुम्ही थोडंसं घसरा.