सोवळ्यातला उंडो

गोव्यात मांद्र्याच्या त्या वाड्यावर, त्या वस्तीत, माणसांनी सोवळं सोडलं त्याला कितीतरी वर्षं झाली होती. पण त्या साली चतुर्थी आटोपली आणि एक कुत्रा कडक सोवळ्यात बसला.

त्याचं नाव उंडो. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतला उंडो नावाचा गोल पाव असतो ना, तसाच गोल, तांबूस आणि वरून कडक, म्हणून चंद्रावतीनं पिल्लू असतानाच ते नाव ठेवलं होतं. सकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की उंडो त्याच्या मागे धावायचा, त्याला वाड्याच्या टोकापर्यंत पोचवायचा आणि तिथून परस्पर समुद्रावर जायचा. दुपारी पायाला वाळू लावून घरी यायचा आणि पुसून घेतलेल्या ओसरीवर खुशाल लोळायचा. चंद्रावती त्याला शिव्या घालायची आणि वाढायची, दोन्ही एकाच दमात.

तिच्या मागल्या खोलीत सहा हंगाम हेलन नावाची इंग्लंडची बाई राहून गेली होती. बाई एकटीच, वय साठीच्या पुढचं. मे महिन्यात तिची कंबर धरली आणि ती कायमची घरी निघाली. जाताना तिनं खुणेनं आणि चार मोडक्या शब्दांत विचारलं, उंडो मला देशील? चंद्रावती "हो" म्हणून बसली.

म्हणून बसली, कारण त्याच महिन्यात तिच्या मुलानं घराची गोष्ट काढली होती. गौरेश डिचोलीला नोकरीत होता. तिथं त्यानं दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. मांद्र्याचं घर अकरा वर्षांच्या करारानं दिल्लीच्या पार्टीला द्यायचं, ती तिथं योगाचं हॉटेल काढणार, आणि आईनं फ्लॅटवर यायचं, असं त्याचं ठरलं होतं. अडचणी दोन. घर नवऱ्यानं जाण्यापूर्वी चंद्रावतीच्या नावावर केलं होतं, तेव्हा सही तिची हवी होती. आणि फ्लॅटमध्ये कुत्रे चालत नव्हते. नको झालेला कुत्रा पोत्यात घालून हद्दीपलीकडे महाराष्ट्रात सोडून यायचं, ही वाड्यावरची जुनी रीत. त्याला ना कागद लागत ना डॉक्टर. त्यापेक्षा इंग्लंड बरं, असं चंद्रावतीला वाटलं.

इंग्लंडला मात्र पोत्यातून जाता येत नाही. हेलननं मुंबईचा एक एजंट लावून दिला होता. त्यानं उंड्याच्या मानेत तांदळाएवढी चिप घालायला लावली, मग लस, मग महिन्यानं रक्त. ते रक्त परदेशी तपासून आलं तरी पुढे तीन महिने थांबायचं होतं. मध्येच दुसरा कुत्रा चावला तर सगळं पहिल्यापासून. म्हणून एजंटाची सक्त ताकीद होती की कुत्रा बंद खोलीत ठेवा, दुसरा कुत्रा जवळ येऊ देऊ नका, कागदावर लिहिलेला पत्ता बदलू नका. तीन पानांचे नियम त्यानं धाडले होते.

"क्वारंटीन म्हंजे काय गो?" शेजारच्या वत्सलानं विचारलं आणि नियम ऐकून तीच हसत सुटली. "म्हंजे सोवळाच म्हण की! शिवाशीव नाय, भायला खाणा नाय, उंबरो ओलांडूचो नाय. तुझ्या सुण्यान माझ्या सासूक मागे टाकल्यान."

तेव्हापासून अख्खा वाडा त्याला सोवळ्यातला सुणो, म्हणजे कुत्रा, म्हणू लागला.

दसऱ्याला गौरेश करार घेऊन आला. चंद्रावतीनं त्याला चहा दिला आणि भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी टांगलेली तीन पानं दाखवली.

"सुण्याचो पत्तो बदलूक जायना रे. लिवलेला आसा."

"कुत्र्यासाठी घर अडवून ठेवायचं, आई?"

"माझो नियम नाय तो. विचार त्या एजंटाक."

गौरेशनं खरंच फोन लावला. एजंटानं तेच सांगितलं. डिसेंबरात कुत्रा विमानात बसेपर्यंत पत्ता हलवायचा नाही. गौरेश निमूट करार पिशवीत घालून परत गेला. आजवर घरात चंद्रावतीचं म्हणणं असं कुणी निमूट ऐकलं नव्हतं. आधी सासऱ्यांचं चालायचं, मग नवऱ्याचं, आता मुलाचं. तीन पानांच्या इंग्रजी कागदानं ते करून दाखवलं. त्या संध्याकाळी ती स्वतःशीच हसत भांडी घासत होती.

आता ती स्वतःही अडकलीच होती, ही गोष्ट वेगळी. उंडो दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईना. त्यामुळे तिला मोरजीचा काला चुकला, बहिणीकडचं बारसं चुकलं, साधं पेडण्याच्या बाजाराला जायचं तरी जीव टांगणीला लागायचा. "काय करतलय, सुण्याचा सोवळा," असं ती सगळ्यांना सुस्कारा सोडून सांगायची. सुस्कारा मात्र खोटा होता. तिला त्या घरातून कुठंच जायचं नव्हतं.

उंड्याला जायचं होतं. पहिला महिना पोदेराचा भोंगा वाजला की तो केकाटायचा. दुसऱ्या महिन्यात त्यानं दाराची खालची फळी खरवडून पांढरी केली. तिसऱ्यात ते सगळं बंद झालं. खिडकीच्या गजांमधून नाक बाहेर काढून तो तासन्‌तास बसायचा. गजाला घासून घासून नाकावरचं कातडं गेलं. चंद्रावती हळद घालून खोबरेल लावायची, तो चाटून टाकायचा. "शाणो झालो आता," ती वत्सलाला म्हणाली.

निघण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी, डॉक्टर गोकुळदास जंताच्या गोळ्या द्यायला आले. या गोळ्यांचंही सोवळंच होतं. कुत्रा तिकडे पोचण्याच्या आधी एक दिवस तरी पोटात जायला हव्यात, आणि पाच दिवसांपेक्षा जुन्या चालत नाहीत. त्या डॉक्टरांनीच द्यायच्या, वेळ घालून सही करायची, वर शिक्का.

"जंताचो एवढो बाऊ?" चंद्रावतीनं विचारलं.

"त्यांच्याकडे हा जंतच नाही, बाय. कुत्र्याच्या पोटातून एकदा शिरला की तिथल्या माणसांपर्यंत पोचतो. लिव्हरमध्ये घर करतो, आणि मग माणूस वाचवणं कठीण. म्हणून मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करत नाही."

त्यांनी पावाच्या मऊ गरात एक गोळी दडवली, चंद्रावतीनं भरवली. मग दुसरी. उंड्यानं दोन्ही तुकडे मटकावले आणि ओठ चाटले. डॉक्टरांनी डोळ्यांनी बघितलं, दहा वाजून वीस मिनिटं अशी वेळ घातली, शिक्का मारला आणि जवळच्या चोपडे गावात एक गाय अडली होती म्हणून घाईनं गेले.

दुपारी चंद्रावती केर काढायला वाकली. तांदळाच्या पिंपामागे केरसुणीला काहीतरी टणक लागलं. गोळी होती. वरून जराशी पाघळलेली, एका कडेला दाताची खूण, बाकी सबंध. पाव तेवढा गिळून लबाडानं गोळी गालात धरून ठेवली होती आणि पाठ वळल्यावर थुंकली होती.

ती गोळी तळहातावर घेऊन जमिनीवरच बसली. आता काय, हे तिला लगेच समजलं. गोळी नाही म्हणजे शिक्का खोटा. शिक्का खोटा म्हणजे उद्याचं विमान नाही. पुढं नाताळची गर्दी. एजंटानं बजावलं होतं की हे चुकलं तर कुत्र्याला जागा संक्रांतीनंतर. म्हणजे आणखी दीड महिना सोवळं. आणखी दीड महिना पत्ता बदलायचा नाही, करार नाही, डिचोली नाही. तिनं काहीच करायचं नव्हतं. खरं तेवढं सांगायचं होतं, तेही उद्या सकाळी, गोळीची वेळ टळून गेल्यावर. खरं सांगितल्यानं आपलं काम होतंय असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तिनं गोळी पदराच्या टोकाला बांधली.

तेवढ्यात गौरेशचा फोन आला. "झालं ना सगळं, आई?"

"डॉक्टरान गोळ्यो दिल्यो," ती म्हणाली. शब्दन्‌शब्द खरा होता.

"मग मी उद्या सकाळी येतो. करार घेऊनच येतो."

"ये," ती म्हणाली. आता संक्रांतीपर्यंत याला वाटाण्याच्या अक्षता, असं मनात म्हणून ती उठली आणि उंड्याला पोटभर भात कालवून घातला. त्यानं थोडा खाल्ला, थोडा टाकला.

चार वाजता पोदेर संध्याकाळचे पाव घेऊन आला. भोंगा दारावरून वाजत गेला. उंडो खिडकीत होता. तो उठला नाही, केकाटला नाही. त्याचा एक कान किंचित हलला आणि परत पडला. भोंगा वाड्याच्या टोकापर्यंत जाऊन थांबला तरी त्यानं मान वळवली नाही.

चंद्रावतीला रडू फुटलं. शाणो झालो, असं आपण म्हणत होतो. हा कसला शाणा झाला, हा आतून विझला. आणि आपण तीन महिने याच्या नाकाला हळद लावत आपलं घर राखलं. सोवळं त्याचं आणि आसरा आपल्याला. आणखी दीड महिना याला इथंच कोंडायला आपण तयार झालो, आणि त्याला खरेपणा म्हणत होतो. तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

मग तिनं डोळे पुसले आणि पदराची गाठ सोडली. तिनं उंड्याला दोन गुडघ्यांत धरलं, डाव्या हातानं जबडा उघडला आणि गोळी जिभेच्या मुळाशी ढकलली. तोंड घट्ट मिटून धरलं आणि गळा चोळत राहिली. गौरेश सात वर्षांचा असताना मलेरियाची कडू गोळी तिनं अशीच घातली होती. उंडो पाय झाडत होता, घशातून बारीक रडत होता, पण चावला नाही. घोट उतरल्याचं बोटांना कळलं तेव्हाच तिनं सोडलं. तो कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. तिनं पुन्हा पिंपामागे बघितलं, त्याच्या अंथरुणाखाली बघितलं. काही नव्हतं.

मग डॉक्टरांना फोन करून तिनं सगळं सांगितलं. संध्याकाळी येऊन त्यांनी त्याचं तोंड, घसा तपासला, कागदावरची वेळ बदलली, नवा शिक्का मारला. "चारच्या हिशेबानंही बसतं," म्हणाले. तिच्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

बुधवारी सकाळी सगुण टेम्पो घेऊन आला. हाच उंड्याला मुंबईपर्यंत नेणार होता. मागे जाळीचा नवा पिंजरा होता. चंद्रावतीनं उंड्याचा आवडता कडक पाव मोडून हातावर धरला. उंड्यानं तो हुंगला, हात हुंगला आणि तोंड फिरवलं. जन्मात कधी फिरवलं नव्हतं.

"खा रे, काय नाय त्यात," ती म्हणाली. "शप्पत काय नाय."

सगुणनं पावाचा तुकडा पिंजऱ्यात टाकला. उंडो त्याच्या मागे आपणहून आत गेला. कडी लागली. तिनं जाळीतून बोटं घातली, तेव्हा तो पलीकडच्या बाजूला नाक लावून रस्त्याकडे बघत होता. तिनं बोटं बराच वेळ तिथंच ठेवली.

गौरेश आला तो हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. पुड्यावर करार, करारावर पेन. "तोंड गोड कर गे, आये," तो म्हणाला. एरवी तो आई म्हणायचा. आये म्हणाला की काही काम असायचं. "लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, गॅलरीतून देऊळ दिसतं. तुला कसला त्रास नाही. इथं एक सही कर, तोवर मी सगुणला दोरी बांधायला मदत करतो."

तो बाहेर गेला. चंद्रावतीनं एक पेढा तोंडात टाकला. पेढा चांगला होता. तिनं दाराकडे बघितलं, कराराची चार पानं उचलली, घडी केली आणि तांदळाच्या पिंपामागे, अगदी भिंतीला लागून, सरकवून दिली.

"केलीस?" गौरेशनं बाहेरूनच विचारलं.

"हूं," ती म्हणाली. तोंड भरलेलं होतं.

"करार कुठाय?"

"ठेवलंय बरोबर जाग्यार."

बाहेर टेम्पो सुरू झाला आणि उंडो एकदा भुंकलेला ऐकू आला, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. ती दारापर्यंत गेली नाही. ही युक्ती फार वेळ टिकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आज नाही तर उद्या कुणीतरी केर काढायला वाकतं. मग आपलंच माणूस दोन गुडघ्यांत धरतं, जबडा उघडतं आणि घोट उतरेपर्यंत गळा चोळत राहतं, तेही डोळे पुसून, आपल्या भल्यासाठी. गौरेशच्या चपला ओसरीवर वाजल्या. चंद्रावतीनं पुड्यातला दुसरा पेढा उचलून तोंडात टाकला आणि ओठ घट्ट मिटले.