नत्थुजींची माळ

या, असे पुढं सरकून बसा. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. आरतीला अजून वेळ आहे, तोवर एक गोष्ट ऐका. वाऱ्याची आणि एका माळेची.

अमरावतीच्या विमलताई शाळेत गणित शिकवतात. माणिकबाईंच्या कीर्तनात पेटीवर बावीस वर्षं त्यांचीच साथ. माणिकबाई आता एक्याऐंशीच्या; तरुणपणी पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून गावोगाव कीर्तनाला जायच्या. शेवटचं कीर्तन त्यांनी अकोल्याला ठेवलं, दुपारी चारला. विमलताई फोनवर बोलून गेल्या, "बाई, या कीर्तनाला मी तुमच्यासारखी सायकलवर येते." पलीकडून माणिकबाई अशा खळखळून हसल्या, की दिलेला शब्द परत घ्यायची सोयच उरली नाही.

विमलताईंच्या सायकल गटातले पाच जण निघाले. पहाटे पाचला निघायचं होतं. गटातल्या अमोलच्या पंक्चर ट्यूबनं साडेसहा वाजवले. मृग कोरडा गेला होता, आभाळ नुसतं दाटलेलं आणि वारा थेट पश्चिमेचा, म्हणजे अकोल्याकडूनच. बडनेरा ओलांडताच तो असा भिडला, की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं.

अशा वाऱ्यात रीत एकच. एकानं पुढं राहून वारा छातीवर घ्यायचा, बाकीच्यांनी त्याच्या आडोशाला चिकटून चालायचं, आणि पाळी बदलत राहायची. पण पाळी मोजणार कोण? सगळ्यांत वडील नत्थुजी, सत्तरीला टेकलेले. त्यांनी तुळशीची माळ हँडलला अडकवली. "एक माळ जप होऊन टोकाच्या मोठ्या मण्यावर आलो का मी 'मेरू' म्हणतो. पुढच्यानं मांगं यावं. देवाचं मोजमाप हाय, त्यात लबाडी नाई."

इथंच विमलताईंचं डोकं फिरायला लागलं. नत्थुजी पुढं आले की गाडी बैलगाडी व्हायची आणि माळ काही संपायची नाही. पाठमोरे नत्थुजी, घामानं चिकटलेला सदरा, आणि सावकाश "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी". जपाचा कंटाळा येणं हे पाप, हे ठाऊक असूनही विमलताईंना तो आला.

"काका, मेरू झाला का?"

"होते व माय, होते."

मूर्तिजापूरला सव्वाबारा. कुरणखेडला दोन वाजून गेले. गटातले बँकेत नोकरी करणारे दोघे तर बोलायचेही बंद झालेले, नुसते धापा टाकत होते. बोरगाव मंजूच्या टपरीवर चहा हातात आला तेव्हा विमलताईंचा संयम संपला.

"काका, तुम्हाला जप करायचा तर घरी ओट्यावर बसून करा! तिकडं बाई माझी वाट बघतायत. शेवटचं कीर्तन आहे त्यांचं. तुमच्या माळेपायी माझी पेटी रिकामी राहणार!"

नत्थुजींनी बशीतला चहा फुंकला. "राग येऊन राहिला तं येऊ दे. वाऱ्यावर काहाडण्यापरीस माह्यावर काहाड."

अमोलनं मात्र मनगटावरचं घड्याळ पुढं केलं. "ताई, मी मगापासून पाहून राहिलो. काकाची माळ माझ्या पाळीले चार मिनिटात होते. तुमच्या पाळीले दोनमंदी. अन् स्वतःच्या पाळीले बारा. गणित तुमीच शिकवता."

विमलताईंनी नत्थुजींकडे पाहिलं. म्हातारा एकदम चोरासारखा अवघडला.

"मेरू ओलांडू नाई म्हणतात," ते पुटपुटले. "तिथून उलटं फिरावं लागते. माह्या पाळीले मी फिरलो दोनदा. नामच घेतलं ना, शिव्या तं नाई देल्या."

"आणि माझ्या पाळीला अर्धीच माळ? काहून, काका?"

"पुढं हँडल आवळून आवळून बोटं बधिर होतात बाई. पाय तं पाचाईले हायेत. पेटीवाली बोटं एकाच जनीची."

विमलताई पुन्हा चिडल्या. "आता तरी मला पुढं राहू द्या!"

"अवं, जाय मांगं!" नत्थुजी सायकलवर टांग टाकत खेकसले, आणि तिथून अकोल्यापर्यंत त्यांनी मेरूचं नावच काढलं नाही.

देवळात पोचले तेव्हा पाच वाजायला आले होते. पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, संपला होता. बाईंना बुक्का लावून झाला होता, गळ्यात हार पडत होता. पेटी शेजारी तशीच, झाकलेली. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नव्हता. अर्धं कीर्तन नुसत्या टाळ-चिपळ्यांवर ओढलं होतं.

धुळीनं माखलेल्या विमलताईंना बाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आलीस? काळी चारचा सूर धर. बोटं चालतात का?"

विमलताईंनी भाता सोडला. बोटं चालली. अशी चालली, की बाईंनी एकदा मागं वळून पाहिलं.

आणि नत्थुजी? अंगणातल्या खांबाला पाठ टेकून, तोंड उघडं टाकून, माळ मुठीत धरून घोरत होते. एवढ्या लांब येऊन माणिकबाईंच्या शेवटच्या कीर्तनाचा एक शब्द त्यांच्या कानी पडला नाही. विमलताई आजही त्यावरून त्यांना बोलतात.

म्हणून एवढं करा. पुढच्या कीर्तनाला बसाल, उत्तररंगाचा पहिला सूर लागेल, तेव्हा नत्थुजींची एकदा आठवण काढा. त्यांच्या वाटणीचं ऐकणं राहून गेलं आहे.