तीनशे सत्तेचाळीस नंबरची फाईल

कार्यालयात मला वाळवी म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण मला ठाऊक होतं. अभिलेख कक्षातल्या माणसानं फायली सांभाळायच्या असतात. मी उघडून वाचत बसे. चौतीस वर्षं हेच केलं. त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही हे रास्तच झालं, कारण माझ्या कामाला उरक कधी नव्हता.

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना वरून आदेश आला. तळमजल्याची खोली रिकामी करायची. सरकारी नोकरांच्या खातेचौकशीच्या जुन्या सहाशे बारा फायली तिथं होत्या. त्यांतली दर दहावी नमुना म्हणून ठेवायची, बाकीच्या पोत्यांत भरून लगद्याच्या कारखान्यात.

"वाचायचं नाही हं काका," साहेब म्हणाले. ते माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. माणूस वाईट नव्हता. "नुसतं मोजायचं. नऊ पोत्यात, दहावी कपाटात."

"हो साहेब."

"तुमच्या या 'हो'चीच मला भीती वाटते."

मी खरोखरच मोजत होतो. शिडी चढायची, गठ्ठा उतरवायचा, दोरी सोडायची, मोजायचं, पुन्हा शिडी. जपून ठेवलेलं टाकायला जपण्यापेक्षा जास्त जोर लागतो, हे मला त्या आठवड्यात कळलं. संध्याकाळी गुडघे वळत नसत. घरी गेलो की बायको म्हणे, "अहो, आधी कपडे झटका बाहेर, मग आत या." जेवताना घास हातात धरून मी पेंगायचो.

चौथ्या दिवशी मावशी खोली पुसायला आल्या. तळमजल्याची साफसफाई बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. फडकं पिळता पिळता त्यांनी विचारलं,

"भाऊ, तीनशे सत्तेचाळीस कधी यायची?"

मी शिडीवर होतो. "का हो?"

"आमच्या ह्यांची आहे ती."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा नवरा पाण्याच्या टाकीवर चौकीदार होता. बत्तीस वर्षांपूर्वी टाकीची झडप निसटली आणि खालच्या गल्लीत घराघरांत पाणी शिरलं. चौकीदार झोपला होता, असा बोभाटा झाला. आठ महिने चौकशी चालली. शेवटी निघालं की झडपेचे आटे झिजले होते, चौकीदारानं दोनदा तसं लेखी कळवलं होतं, आणि त्याचा काही दोष नव्हता. त्याला कामावर परत घेतलं.

"पण ते कागदावर हो," मावशी म्हणाल्या. "गल्लीला कुठं कागद वाचता येतो? झोपाळू म्हणतात ते अजून म्हणतात. नातवाला शाळेत झोपाळूचा नातू म्हणतात. आता अंथरुणाला खिळलेत. रोज संध्याकाळी मला विचारतात, 'माझा कागद आहे ना?' मी म्हणते, 'आहे. आजच पुसला.' खोटं नाही सांगत. त्यासाठीच तर ही खोली मागून घेतली मी."

मी मनात आकडे मांडले. नमुन्याची फाईल तीनशे पन्नास. तीन नंबरांनी हुकत होती.

"तुम्ही घरी न्या ती," मी खाली उतरून हळूच म्हणालो. इतक्या वर्षांत नियमाबाहेरचं असं वाक्य मी पहिल्यांदा बोललो असेन. "तशीही पोत्यातच जायची आहे. मी काढून देतो."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"घरी नेऊन काय करू? घरातला कागद म्हणजे आमचंच म्हणणं झालं. सरकारात आहे म्हणून तो खरा."

मला उत्तरं दोन दिवसांनी सुचतात, तेव्हा ती कोणाला हवी नसतात.

तीनशे सत्तेचाळीस दुसऱ्या दिवशी हाताशी आली. पातळशी होती, वर धुळीचा कणही नव्हता. शेजारच्या फायलींवर बोटभर धूळ. मी ठरवलं की जागा बदलायची. ही दहावी म्हणून कपाटात, आणि तीनशे पन्नास पोत्यात. कोण बघतंय?

पण मी तीनशे पन्नास उघडली. उघडायला नको होती. एका शाळामास्तराची होती. हजेरीपटात खाडाखोड केल्याचा ठपका, आणि तो सिद्ध झालेला. आत मास्तरांचा स्वतःच्या हातचा अकरा पानांचा जबाब होता. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "शिक्षा मला मान्य आहे. फक्त माझं म्हणणं कुठंतरी असू द्यावं."

तिला पुसणारं कोणी नव्हतं. दोन्ही फायली मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसलो. एखाद्या धीट माणसानं एक निवडली असती. शहाण्यानं दुसरी उघडलीच नसती. मी मास्तरांची फाईल तिच्या जागी, कपाटात ठेवली, कारण ती दहावी होती. एवढाच न्याय मला येत होता.

मग मला गुलाबी चिठ्ठी आठवली. कोणी वाचायला नेलेली फाईल परत येईपर्यंत नष्ट करता येत नाही, असा आमचा नियम आहे. तिच्या जागी नेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी राहते. मी लिहिलं: नंबर तीनशे सत्तेचाळीस, वाचनासाठी, खाली माझं नाव आणि तारीख. फाईल वरच्या मजल्यावर, कायम ठेवायच्या नकाशांच्या कपाटात मागे सरकवली. मावशींना जागा दाखवून ठेवली. उरलेल्या दोन आठवड्यांत याहून बरं काहीतरी सुचेल असं वाटलं होतं. सुचलं नाही.

शेवटच्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"काका, तुमच्या नावावर एक फाईल बाहेर आहे."

"हो."

"कुठाय?"

मी पेपरवेटकडे बघत म्हणालो, "वाचून व्हायचीय."

"दोन आठवडे?"

"सावकाश वाचतो मी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हरवलीय ना? सांगा की सरळ. गहाळ झाली असं लिहून द्या, मी नंबर खोडतो, विषय संपला."

नंबर खोडला की संपलंच. कपाटात नुसते कागद राहिले असते, सरकारी दप्तरात त्यांची नोंद नाही.

"खोडू नका साहेब. बाहेरच राहू द्या. माझ्या नावावर."

"अहो, तुमच्या शेऱ्यात येईल ते! इतक्या वर्षांत एक डाग नाही तुमच्यावर."

"येऊ द्या."

त्यांनी पुन्हा पेन उचललं. त्यांना काही उमगलं असावं, किंवा नुसती घाई असावी; मला माणसं फायलींइतकी वाचता येत नाहीत. त्यांनी लिहिलं, "एक फाईल परत केली नाही," आणि सही केली.

चार वाजता निरोपाचा चहा झाला. लेखापाल हसवण्यात पटाईत. ते उठून म्हणाले, "मंडळी, आपण इतकी वर्षं सांभाळून होतो, पण जाता जाता वाळवीनं एक फाईल खाल्लीच!" सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. बायको शेजारी बसली होती, ती मात्र हसली नाही. घरी पोचेपर्यंत म्हणत होती, "साधी पेन्सिल कधी आणली नाहीत घरी, आणि हे काय हो?" अजूनही कोणी मला पुस्तक वाचायला दिलं की ती म्हणते, "लिहून ठेवा, ह्यांचं काही खरं नाही."

त्या दिवशी निघताना मावशी फाटकाशी उभ्या होत्या. बायको रिक्षा बघायला पुढे गेली.

"भाऊ, आज विचारलं तर काय सांगू त्यांना?"

"आहे म्हणून सांगा. कोणीतरी वाचायला घेतलीय म्हणा."

मावशी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी वाचायला घेतली. हे ऐकून आज झोप नाही लागायची त्यांना." आणि आपल्याच बोलण्याचं हसू येऊन त्या भराभर निघून गेल्या.

पोत्यांचा ट्रक फाटकातून बाहेर पडत होता. मी बाजूला झालो. पाय इतके दुखत होते की तिथंच पायरीवर बसलो. तीनशे अठ्ठेचाळीस त्यातच कुठंतरी होती. ती मी उघडली नव्हती.