सहावी खुंटी, सातवी खुंटी

मंगळवारी सकाळी सात वाजून पंचवीस मिनिटांनी सातव्या खुंटीवर एक पिशवी येऊन लटकली. ती खुंटी अकरा महिने रिकामी होती.

मी शेजारच्या, सहाव्या खुंटीवर होते. मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. वय चौदा वर्षं. रंग मूळचा निळा. आता राखाडी म्हटलंत तरी मला राग येणार नाही. सातव्या खुंटीवर आली ती माझी जुळी बहीण.

आम्ही दोघी एकाच पडद्यातून जन्मलो. दोन भाऊ आणि त्यांच्या बायका तेव्हा एकाच घरात राहत होते. खिडकीचा पडदा विटला तेव्हा थोरल्या जावेने तो कापला आणि धाकटीने मशीनवर आम्हाला शिवलं. शिवणात हात धाकटीचाच चांगला. कापताना थोरलीचा अंदाज चुकला आणि माझ्या एका बंदाला कापड पुरलं नाही. मग जुन्या खाकी पँटचा पट्टा काढून तो बंद लावला.

"ही फौजेतून पळून आल्यासारखी दिसते," धाकटी म्हणाली.

"असू दे. हरवणार तरी नाही," थोरली म्हणाली.

भाजीवाल्या काकांच्या दुकानाबाहेर सात खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटी एका घराची. कामाला जाताना माणसं पिशवी टांगतात आणि संध्याकाळी भरलेली घेऊन जातात. यादी कुणी देत नाही. कुणाला वांगं चालत नाही, कुणाच्या घरी पाहुणे आहेत, हे काकांना ठाऊक असतं. नऊ वाजता समोरचे मटणवाले मामा रस्ता ओलांडून येतात, पिशव्या हातात अडकवून नेतात, आपल्याकडचं पुडकं त्यात ठेवतात आणि पुन्हा जागच्या जागी लावतात.

"मामा, नुसती हाडंच भरलीत की," काका म्हणतात.

"तुमच्या पालेभाजीला जरा अंग यावं म्हणून," मामा म्हणतात. चौदा वर्षं मी हे ऐकते आहे. मला अजून कंटाळा आलेला नाही.

या दोघांचे माझ्यावर उपकार आहेत. काकांनी कधी टोमॅटोवर बटाटे टाकले नाहीत. मामांनी पुडकं नेहमी दुहेरी कागदात बांधलं. माझ्या अंगावर रक्ताचा एक डाग नाही. चांगलं वागवलं की कापडसुद्धा जास्त टिकतं, हे मी अनुभवाने सांगते.

सहा वर्षांपूर्वी दोन्ही घरं वेगळी झाली. भांडी, पलंग, अगदी चमचेसुद्धा नीट वाटून झाले. शिवणाचं मशीन मात्र अर्धं करता येईना. ते तूर्तास थोरलीकडे राहिलं. धाकटीने मागितलं नाही, थोरलीने दिलं नाही, आणि त्या न बोललेल्या गोष्टीवरून दोघींचं बोलणंच थांबलं. थोरली सात दहाला येऊ लागली, धाकटी सात पंचवीसला.

पण खुंट्या शेजारी होत्या. थोरली संध्याकाळी मला काढताना शेजारच्या पिशवीकडे पाहायची. मिरच्या वर दिसल्या की तिला बरं वाटायचं. तिच्या धाकट्या दिराला मिरचीशिवाय घास उतरत नसे. मिरच्या आहेत म्हणजे त्या घरी सगळं ठीक आहे. दहा वर्षांपूर्वी थोरलीचे यजमान गेले तेव्हा त्याच दिराने घर सावरलं होतं, हे ती विसरली नव्हती.

मग कोपऱ्यावर सुपरमार्केट उघडलं. आत गार हवा, ढकलगाडी, सगळं एका छताखाली. धाकटी तिकडे जाऊ लागली आणि सातवी खुंटी रिकामी झाली. मागोमाग दुसरी आणि चौथीही. थोरली संध्याकाळी मला काढायची आणि रिकाम्या खुंटीकडे क्षणभर बघत राहायची.

"काका, ही खुंटी काढून तर नाही ना टाकणार?" तिने एकदा विचारलं.

"खुंटी काय खायला मागते का, थोरल्या वहिनी?" काका म्हणाले.

त्याच दिवसांत माझा खाकी बंद तुटला. थोरलीला त्याच कापडाच्या दुसऱ्या पडद्याचा तुकडा ट्रंकेत सापडला आणि तिने नवा निळा बंद लावला. मी खुलून दिसू लागले. त्यातूनच घोटाळा झाला.

मंगळवारी धाकटी परत आली ती खाली मान घालून. काकांनी एवढंच विचारलं, "काय देऊ?"

"तिखट काही नको. मऊ शिजेल ते द्या. आणि मामांना सांगा, खिमा दोनदा काढा. तिकडे बंद डब्यात मिळतो. त्या डब्याला सांगायचं कुणी, जरा बारीक हो म्हणून?"

काकांनी आम्हा दोघींत भाजी भरली. नऊला मामा आले आणि पिशव्या घेऊन गेले. सहावी पिशवी ते नेहमी खाकी बंदावरून ओळखत. त्या दिवशी खाकी बंद कुठेच नव्हता. त्यांनी मला सातव्या खुंटीवर लावलं आणि बहिणीला सहाव्या. मी कापडाची, बोलणार काय?

संध्याकाळी धाकटीने मला घरी नेलं आणि ओट्यावर उपडं केलं. दोन बटाटे, एक कांदा, चार मिरच्या, मूठभर मटण.

ती त्या चार वस्तूंकडे बघत राहिली. "अहो, हे वहिनींचं आलंय," ती आत बघून म्हणाली. "पण एवढंसंच? एका माणसाचं?"

आत पलंगावर तिचे यजमान बसले होते. हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी. जबड्याची शस्त्रक्रिया होऊन आठवडा झाला होता. त्यांनी पाटीवर लिहिलं: "वहिनींचे मुलगा-सून दुसऱ्या गावी गेले असतील. तुला कुणी सांगितलं नाही?"

"मला कोण सांगणार?" धाकटी म्हणाली आणि माझ्या नव्या बंदावरून तिने बोट फिरवलं. टाके वाकडे होते. तिने सुई घेतली, बंद उसवला आणि हाताने पुन्हा शिवला, बारीक टाके घालून.

थोरलीच्या घरी काय झालं ते बहिणीने बुधवारी खुंटीवर सांगितलं. लाल भोपळा, दोनदा काढलेला खिमा, सूपची हाडं निघाली. मिरची एकही नाही. थोरली स्टुलावर बसली आणि म्हणाली, "भाऊजींना काय झालं?" विचारायला घरात कुणी नव्हतं. मग तिने भोपळा चिरला, सूप केलं आणि शेजारच्या मुलीच्या हाती डबा पाठवला. नाव सांगू नकोस म्हणाली. डब्यावर नाव कोरलेलं होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

मामा बुधवारी फार ओशाळले आणि त्यांनी आम्हाला पुन्हा आपापल्या खुंटीवर लावलं. "चौदा वर्षांत पहिली चूक," ते म्हणाले.

"उशिराच केलीत," काका म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही असं एखादं दुकान असेल. अधूनमधून तिथे जात जा, आणि पिशवी फाटली तर टाकून देऊ नका, शिवा. आपल्या घरी किती माणसं जेवतात हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस जपायला हवा. मला त्या दोघांनी जपलं, म्हणून मी हे सांगायला उरले.

आज शनिवार. सात दहाला थोरलीने मला टांगलं, पण रिकामं नाही. आत मशीनच्या तेलाची कुपी आहे, चार बॉबिन आहेत आणि झाकणाची किल्ली आहे. "ही भरू नका, काका. सातव्या खुंटीवाल्यांना द्या. मशीन जड आहे, मला एकटीला उचलत नाही, असंही सांगा." एवढं बोलून ती घराकडे वळली.

सात पंचवीसला धाकटी आली. काकांनी मला तिच्या हाती देऊन निरोप सांगितला आणि तिने आत हात घातला. किल्ली काढून तिने तळहातावर ठेवली.

"वहिनी गेल्या का?" तिने विचारलं.

"पंधरा मिनिटं झाली," काका म्हणाले.

दुकानातून डावीकडे वळलं की धाकटीचं घर. उजवीकडे थोरलीचं. सात वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. मी धाकटीच्या खांद्यावर आहे आणि ती अजून पायरीवर उभी आहे.