उघडलेलं पान

त्या घरात चहावरून दिवसाला सरासरी अडीच भांडणं होत. सकाळचं एक, संध्याकाळचं एक, आणि मधलं एक सासूबाई निम्म्यावर तोडत म्हणून अर्धं. हा हिशेब सुनेचा.

मोजायची सवय तिला कामातून लागली होती. चहाच्या कारखान्यात ती टी-बॅग भरणाऱ्या मशीनवर होती. मिनिटाला एकशे वीस पिशव्या, प्रत्येकीत दोन ग्रॅम. त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर तिचे सासरे चहा चाखत. पांढऱ्या कपांची रांग, चमच्याने फुर्रकन ओढलेला घोट, तो तोंडात घोळवून बादलीत टाकायचा, आणि मग निकाल. त्यांची सही झाल्याशिवाय एक पोतं खाली उतरत नसे. कामगार पाठीमागे त्यांना 'नाकोबा' म्हणत, पण त्यांच्यापुढे जाताना कोणी अत्तर लावायची हिंमत करत नसे.

"तुम्ही खाली भरता ती झाडलोट," मामंजी म्हणत.

"ती झाडलोट तुमच्याच सहीने खाली येते, मामंजी."

"अगं, पानाला उघडायला जागा लागते. तुझ्या पिशवीत ते बिचारं गुडघे पोटाशी घेऊन बसतं."

"पण माप चुकत नाही. तुमच्या हातचा चहा आज काढा असतो आणि उद्या गरम पाणी."

"दोघं मिळून एकदाचा चहा करा," आतून सासूबाई ओरडत. "तुमच्या बोलण्यात आधण आटलं!"

या वर्षी मामंजींचा हट्ट जरा जास्तच वाढला होता. कप नको, काचेचा ग्लास हवा. गाळणीतला चोथा टाकायचा नाही, बशीत आणून द्यायचा. ते चमच्याने एकेक पान उलटून बघत, ग्लास खिडकीकडे धरत, आणि मगच घोट घेत. पूर्वी चहा जरा जास्त उकळला तर बाहेरच्या खोलीतून हाक यायची, "जाळलास!" ती हाक बऱ्याच महिन्यांत आली नव्हती. म्हातारपणी माणूस निवळतं, असं समजून सुनेने ते जमेच्या बाजूला टाकलं होतं.

गुरुवारी दुपारी तिने नवं पोतं फोडलं आणि तिचा हात थांबला. फिनेल! आधी तिला वाटलं, फरशी नुकतीच पुसली असेल. मूठभर चहा घेऊन ती पार जिन्यापाशी खिडकीत गेली. मोकळ्या हवेतही तोच वास. वर चाखायला जाण्याआधीच गोदामात कोणीतरी पोती फिनेलच्या डब्यांना खेटून ठेवली असणार. चहा शेजाऱ्याचा वास चटकन उचलतो, हे तिला मामंजींनीच शिकवलं होतं. पोत्याला चिठ्ठी होती. चिठ्ठीवर 'मंजूर', आणि खाली तीच वळणदार सही.

मालकांना कळवावं, तर सदतीस वर्षांच्या सहीवर आपल्याच सुनेचं बोट. निवृत्तीचं वय झाल्यावरही मालकांनी त्यांना ठेवलं होतं ते केवळ त्या नाकासाठी. न कळवावं, तर संध्याकाळपर्यंत पंचवीस हजार पिशव्या लोकांच्या कपात जायला तयार. त्या चहाच्या दोनच पिशव्या भरून घेऊन तिने बटण दाबून मशीन बंद केलं.

"पिशव्या कापायचं पातं बोथट झालंय," ती मुकादमाला म्हणाली. "उद्या सकाळी बघू."

नऊ वर्षांत तिने कामावर थाप मारली नव्हती. मुकादमाने म्हणूनच ती बिनदिक्कत गिळली.

घरी आल्यावर तिने त्या पोत्यातल्या चहाची एक पिशवी मामंजींच्या कपात सोडली. दुसरी सासूबाईंच्या.

"हे काय? माझ्या घरात डिप-डिप?" मामंजींनी कप सरकवला. "यात बघायचं काय?"

"चहा बघायचा असतो का, मामंजी?"

मामंजी खिडकीकडे बघू लागले. तिने पिशवी फाडली, पानं कपात मोकळी केली, थोडं थांबून चहा ग्लासात गाळून दिला. त्यांनी ग्लास उजेडात धरला. चोथा उलटून पाहिला. घोट घेतला.

"रंग स्वच्छ आहे. पान सारखं उघडलंय. बघ, मोकळा केला की चहा कसा होतो!"

तेवढ्यात सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि तसाच मोरीत जाऊन थुंकून टाकला.

"अगं बाई, कपात फरशी पुसलीस की काय!"

मामंजींनी बायकोकडे पाहिलं, मग सुनेकडे. ग्लास हळूच खाली ठेवला.

"कसला वास आहे?"

"फिनेलचा. तुम्ही काल मंजूर केलेला लॉट आहे."

मामंजींनी चोथा पुन्हा एकदा चमच्याने उलटला. मग ते म्हणाले, "तो ताप आला होता ना, तेव्हापासून. आधी वाटलं, सर्दी आहे. आठ महिने झाले. पानावरून, रंगावरून पुष्कळ कळतं गं. पण वास काही दिसत नाही."

"आणि माझ्याशी एका शब्दाने बोलला नाहीत?" सासूबाईंचा आवाज चढला. "आठ महिने माझ्या हातच्या जेवणाला छान छान म्हणताय!"

"ते छान दिसायचं."

सुनेला हसू आलं आणि रडूही. ती म्हणाली, "मामंजी, पातं बिघडलंय असं सांगून मशीन थांबवलंय. गोदामाची चूक म्हणून लॉट परत पाठवू. तुमचं नाव कुठे येणार नाही."

त्यांनी मान हलवली. "या लॉटचं निभेल. पुढच्याचं काय?"

सकाळी ते तिच्याबरोबर निघाले, आणि वर जायच्या ऐवजी आधी खालच्या खोलीत शिरले. त्यांनी पोत्याची चिठ्ठी काढली, 'मंजूर'वर आडवी रेघ मारली, खाली पुन्हा सही केली. मुकादम बघत राहिला.

"पातं ठीक आहे," मामंजी त्याला म्हणाले. "ही खोटं बोलली ते माझ्यासाठी." आणि जिना चढून मालकांच्या खोलीकडे गेले. पाऊण तासाने उतरले तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा चमचा होता, चाखायचा, सदतीस वर्षं दुसऱ्या कोणाला हात लावू न दिलेला. "महिनाअखेर शेवटचा दिवस," एवढंच बोलले.

संध्याकाळी त्यांनी स्वतः दोन कप मांडले. एकात मोकळा चहा, एकात पिशवी, चहा एकाच डब्यातला. घड्याळ लावून पाच मिनिटं. मग चमचा सुनेपुढे धरला.

"ओढ. आवाज होऊ दे, लाजू नकोस. काय लागतं?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे काहीच नाही. तुरट? कडू? जिभेच्या टोकाला की कडेला?"

तिने पुन्हा घोट घेतला, मग दुसरा कप. पुन्हा पहिला. पिशवीच्या बाजूने काहीतरी सापडावं म्हणून तिने चार वेळा चाखून पाहिलं.

"पिशवीचा एकदम येतो आणि संपतो," ती शेवटी म्हणाली. "मोकळा उशिरा येतो. पण गिळल्यावरही मागे, घशाशी, गोडसर काहीतरी राहतं. जातच नाही लवकर."

मामंजींनी डोळे मिटले होते.

"हो," ते म्हणाले. "तेच ते. अजून सांग."