तिसऱ्या पायरीवरचा गुलाबी डाग

मित्रांनो, मी रंगाऱ्याची एक जुनी लाकडी शिडी आहे. सध्या माझा मुक्काम एका संग्रहालयात आहे आणि माझ्याभोवती चक्क दोरी बांधली आहे. या वयात एवढा मान! मला अजूनही संकोच वाटतो.

सुताराने घडवले तेव्हा मी कोरी करकरीत होते. रंगाऱ्याने मला खांद्यावर घेतले आणि तीस वर्षे खाली ठेवले नाही म्हणा ना! शाळेचा पिवळा, दवाखान्याचा फिकट हिरवा, असे प्रत्येक भिंतीचे थेंब माझ्या अंगावर सांडले. तिसऱ्या पायरीवरचा गुलाबी डाग त्याच्या लेकीच्या खोलीचा. चिमुरडी खालून ओरडत होती, "बाबा, अजून गुलाबी!"

पुढे रंगाऱ्याचे गुडघे दुखू लागले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. कोळ्यांशिवाय कोणी विचारेना. फार वाईट वाटायचे.

लेक मात्र शिल्पकार झाली. संग्रहालयाने नव्या कलाकारांच्या प्रदर्शनात तिला एक खोली दिली. तिचे हे पहिलेच प्रदर्शन. तिने मला त्या खोलीत मधोमध उभे केले आणि माझ्या प्रत्येक डागाच्या रंगाची एकेक पट्टी भिंतीवर रंगवली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी रंगारी मदतीला आला. लेक दिव्यांचे बघायला गेली होती. मला पाहून त्याने कपाळाला हात लावला. "उद्या एवढे लोक येणार आणि तू या अवतारात!" काम सोपवण्याआधी सगळे चकाचक करून द्यायचे, ही त्याची जन्माची सवय. त्याने पिशवीतून पॉलिश पेपर काढला आणि मला घासायला घेतले. मी ओरडणार कशी? खालच्या दोन पायऱ्या लख्ख झाल्या. शाळा गेली, दवाखाना गेला. त्याचा हात तिसरीवर आला.

"बाबा! हे काय केलंत?" लेक दारात उभी होती.

"अगं, घाण काढतोय. चारचौघांत तुझी शोभा नको व्हायला."

ती मटकन खाली बसली. "घाण नाही हो ती. तेच तर दाखवायचं होतं मला. तुमची तीस वर्षं."

रंगारी भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बघतच राहिला. "मला वाटलं, तू भिंतीसाठी रंग निवडतेयस." तो हळूच म्हणाला, "परत थेंब पाडू का? सगळे रंग आठवतात मला."

"नको बाबा. ते खोटे दिसतील."

त्याने तिसऱ्या पायरीवरून अंगठा फिरवला. "ही राहिली बघ. 'अजून गुलाबी' म्हणायचीस."

मग दोघेही रडले, आणि मलाही भरून आले. दोन पायऱ्या तशाच कोऱ्या ठेवल्या आहेत. मुले त्यांचे कारण विचारतात. रंगारी दर रविवारी येतो आणि स्वतःच सांगतो, "ती चूक माझी."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण तुमच्या घरात राबणाऱ्या माणसाला आजच सांगा, की त्याच्या कपड्यांवरचे, हातांवरचे डाग तुम्हाला आवडतात. कोणी सांगितले नाही, तर तो स्वतःच ते पुसून टाकतो.